विरघळलेल्या तांब्याचा हिशेब

वस्तू घडविण्याचे दोन मार्ग मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. एक भर घालण्याचा व दुसरा काढून टाकण्याचा. कोष्टी धाग्यास धागा जोडीत जातो, गवंडी दगडावर दगड ठेवितो. ते पहिल्या मार्गाचे प्रवासी होत. सुतार व पाथरवट बहुतेक वेळ दुसऱ्या मार्गाने जातात. मूळ द्रव्यातून नको तेवढे वगळून हवे तेवढे राखणे ही त्यांची कृती. या दुसऱ्या मार्गाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात एकाच खटपटीतून नेहमी दोन वस्तू निपजतात. एक, जी आपणांस हवी होती ती. आणि दुसरी, तिच्यातून काढून टाकलेली. पहिलीस आपण नाव देतो, तिची किंमत करितो, ती शेजाऱ्यास कौतुकाने दाखवितो. दुसरीस केवळ कचरा म्हणून मोकळे होतो.

जुन्या कारागिरांपुढे या दुसऱ्या वस्तूचा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. सुताराच्या ढलप्या चुलीत जात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्याची कातरण टाकून देण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. कारण तांबे महाग, आणि कातरण झाली तरी ती डोळ्यांना तांबेच दिसते. तेथे काटकसर हीच नीतीचे काम करिते. परंतु काढून टाकलेले द्रव्य जर दिसेनासेच झाले, पाण्यात विरघळून पाण्याबरोबर निघून गेले, तर काटकसर जागी होत नाही; आणि तिच्या भरवशावर निजलेल्या नीतीसही जाग येण्याचे निमित्त उरत नाही. अशाच एका अगदी आधुनिक व वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या गृहोद्योगाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विजेच्या उपकरणांत लागणारी छापील परिपथाची पाटी, जिला बाजारात पीसीबी असे म्हणतात, ती अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने घरच्या घरी तयार करणे, हा तो उद्योग होय.

ज्या वाचकांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठी प्रथम त्याचे थोडक्यात वर्णन करणे इष्ट होईल. रेडिओपासून मोबाइलपर्यंत कोणतेही उपकरण उघडले की आत एक हिरवी पाटी दिसते व तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आखलेल्या असतात. पूर्वी जे काम सुट्या तारांच्या गुंतवळ्याने होई, ते या वाटा करितात. आता भोर किंवा वेल्हे तालुक्यातील (वेल्ह्यास आता राजगड तालुका म्हणतात) विज्ञानशाखेचा एखादा होतकरू विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. विहिरीचे पाणी आटताच शेतातला पंप आपोआप बंद पडावा, अशी एक युक्ती त्याने मनाशी जुळविली आहे. पुण्यास जाऊन तपकीर गल्लीतून तो एक पाटी विकत आणतो. काचतंतू व राळ यांच्या या फळीवर तांब्याचा अत्यंत पातळ थर चिकटविलेला असतो. त्याची जाडी साधारणतः 35 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे अठ्ठाविसावा भाग. या तांब्यावर प्रकाशाने पालटणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. विद्यार्थी आपल्या परिपथाची आकृती पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने छापतो, ती फिल्म पाटीवर ठेवितो, वरून काच दाबतो आणि तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतो. भोरच्या दुपारच्या उन्हातही हे काम काही मिनिटांत उरकते. परंतु वेल्ह्याच्या पावसाळ्यात सूर्याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून लाकडी पेटीत अतिनील प्रकाशाच्या चार नळ्या बसवून तो आपला घरगुती सूर्य तयार करितो.

जेथे प्रकाश पडला तेथील लेप कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुऊन जातो. जेथे काळ्या रेषांची सावली होती तेथील लेप टिकतो. काही लेपांत हाच प्रकार नेमका उलट होतो, पण तत्त्व एकच. मग ती पाटी फेरिक क्लोराइडच्या तांबूस-तपकिरी द्रावणात बुडवावयाची. उघडे पडलेले तांबे हळूहळू विरघळते. लेपाखालचे सुरक्षित राहते. शेवटी पाटी धुऊन पुसून हाती घेतली की सावलीने राखलेल्या तेवढ्या वाटा झळाळताना दिसतात. ज्याने हे एकदा स्वतः केले त्यास त्या क्षणीच्या आनंदाचे वर्णन करून सांगावयास नको. आणि ज्या भांड्यात हे घडले त्यात मागे उरते काळपट हिरवे पाणी. आमच्या प्रश्नाचा जन्म त्या भांड्यात आहे.

प्रकाशाकडून अशी निवड करवून घेण्याची विद्या नवी नाही. फ्रान्समधील नीएप्स याने 1820 नंतरच्या दशकात धातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीच्या द्रव्याचा लेप देऊन, प्रकाशाने तो कठीण होतो या गुणाचा उपयोग केला व उघडा राहिलेला धातू अम्लाने खोदून काढला. इंग्लंडात टॅल्बट याने जिलेटिन व बायक्रोमेट यांचा लेप वापरून हीच वाट पुढे नेली आणि 1858 साली खोदण्यासाठी फेरिक क्लोराइडचाच आश्रय केला. आपल्याकडेही या विद्येचे पाऊल लवकरच पडले. जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाने नकाशे उतरविण्याच्या फोटोझिंको पद्धतीचे नाव पुण्यातील सरकारी मुद्रणालयास मिळाले, व ते नाव अजून टिकून आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके छपाईचे ठसे करण्याच्या व्यवसायात होते, तोही प्रकाश व अम्ल यांच्या सहकार्याचाच व्यवसाय. विजेच्या परिपथांस ही कला लावण्याचे श्रेय मुख्यतः व्हिएन्नाहून 1936 साली लंडनला आलेल्या पाउल आइस्लर यास देतात. म्हणजे आमचा कल्पित विद्यार्थी जे करीत आहे ती दोनशे वर्षांच्या परंपरेची एक घरगुती आवृत्ती आहे. तिचा अभिमान त्याने अवश्य बाळगावा. मात्र परंपरेचा वारसा घेताना तिचे देणेही अंगावर येते, हे त्यास कोणीतरी सांगितले पाहिजे.

हे देणे किती, याचा आकडा मांडून पाहणे बरे. कारण नीतीच्या चर्चेत आकड्यांचा संकोच केला की ती उपदेशात बुडते. दहा सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर लांब अशा एका बाजूच्या पाटीवर सुमारे पावणेपाच ग्रॅम तांबे असते. त्यातील दोन-तृतीयांश विरघळले असे धरिले तर सुमारे तीन ग्रॅम तांबे त्या हिरव्या पाण्यात उतरले. तीन ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, असे कोणीही म्हणेल. आता पिण्याच्या पाण्याविषयीचे भारतीय मानक पाहावे. एका लिटरमध्ये 0.05 मिलिग्रॅमपर्यंत तांबे असणे हे त्यात स्वीकारार्ह मानले आहे, व दुसरे पाणीच उपलब्ध नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याची मुभा दिली आहे. या हिशेबाने ते तीन ग्रॅम तांबे साठ हजार लिटर शुद्ध पाण्यास स्वीकारार्ह मर्यादेच्या काठावर आणून ठेवण्यास पुरेसे आहे. दहा हजार लिटरचा टँकर उन्हाळ्यात ज्या गावांनी पाहिला आहे, त्यांस सहा टँकर म्हणजे काय हे निराळे सांगावे लागणार नाही.

येथे अतिशयोक्ती टाळण्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, ओतलेले सर्व तांबे पाण्यात तसेच राहत नाही. पुष्कळसे मातीस व गाळास चिकटून बसते. शिवाय तांबे हे माणसाच्या शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यकही आहे. मासे, गोगलगायी व शेवाळ यांचा प्रकार मात्र निराळा. माणसास जे प्रमाण जाणवतही नाही, ते त्यांच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा या एका भांड्याने कोणी माणूस दगावेल असे भय घालण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न भयाचा नसून न्यायाचा आहे. जे तांबे मी माझ्या वस्तूतून वगळले, ते दुसऱ्या कोणाच्या पाण्यात घालण्याचा अधिकार मला कोठून मिळाला?

हा प्रश्न भोर-वेल्ह्याच्या भूमीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो सपाट प्रदेशातील शहरात दिसत नाही, आणि याच कारणाने आम्ही आमच्या विद्यार्थ्यास तेथे बसविले. हे दोन तालुके म्हणजे पाण्याचे माहेर. वेल्ह्यातील पानशेत व वरसगाव येथे अडविलेले आंबी व मोसे या नद्यांचे पाणी खडकवासल्यावाटे पुण्याची तहान भागविते. वेळवंडीवरील भाटघरचे धरण, जे भोर हे संस्थान असताना 1928 साली पुरे झाले, त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतील उसापर्यंत पोहोचते. नीरेवरील देवघरचे धरण भोर तालुक्यातच आहे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची गुंजवणीही पुढे नीरेलाच मिळते. एक पाणी मुठेच्या वाटेने व दुसरे नीरेच्या वाटेने निघते. पण शेवटी दोन्ही भीमेला मिळतात आणि ती भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते. उगमाजवळ राहणाऱ्याने आपल्या मोरीत काय ओतले हा खाजगी प्रश्न आहे असे म्हणावयाचे झाल्यास, इतके विस्तृत खाजगीपण जगात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

आता या विचाराविरुद्ध तीन आक्षेप संभवतात व ते तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप अल्पत्वाचा. एका पाटीचे तीन ग्रॅम तांबे भाटघरच्या अफाट जलाशयात मिसळले तर कोणत्याही यंत्रास त्याचा पत्ता लागणार नाही. मग ज्याचा परिणाम मोजताच येत नाही त्यास दोष कसा म्हणावे? ग्रीक तर्कशास्त्रज्ञांनी राशीचे एक कोडे घातले होते. धान्याचा एक दाणा काढल्याने राशीची रास मोडत नाही. दुसरा काढल्यानेही नाही. मग ती मोडते तरी केव्हा? आमच्या काळात इंग्लंडमधील तत्त्वचिंतक डेरेक पार्फिट याने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हेच कोडे नीतीच्या क्षेत्रात आणले व असे दाखविले की, एकट्याच्या कृतीचा परिणाम जाणवत नाही एवढ्यावरून ती कृती निर्दोष ठरत नाही. ज्या कृतींच्या समुदायाने हानी होते, त्या समुदायात भागी होणे हाही दोष असू शकतो. आमच्या मते सामान्य व्यवहारास हे तत्त्व नवे नाही. सार्वजनिक विहिरीवर प्रत्येकाने "माझ्या एका घागरीने काय होणार" म्हटले की उन्हाळ्यात विहीर कशी आटते, हे गावातील कोणतीही म्हातारी सांगेल. शिवाय जलाशय अफाट असला तरी ओतलेले पाणी प्रथम जलाशयास भेटत नाही. ते प्रथम मोरीला भेटते, मग परसातील मातीला, मग ओढ्याला. ओढ्यातील बेडकाला त्या अफाटपणाचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे, कारण त्यात दुखावलेल्या माणसाचा आवाज आहे. द्राक्षबागाईतदार मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारतो. त्याच्या शंभर लिटर एक टक्का मिश्रणात अडीचशे ग्रॅम तांबे असते, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या ऐंशीहून अधिक पाट्यांचे. पुणे शहर आमचे स्वच्छ पाणी घेते आणि आपले सांडपाणी मुळा-मुठेतून खाली उजनीकडे सोडते. धरणांसाठी गावे बुडाली ती आमची. कालवे वाहिले ते दुसऱ्यांच्या शेतांत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याचा हाहाकार सर्वांनी ऐकला, पण त्याच धरणाखाली ज्यांची घरे-शेते गेली त्यांचे रडणे कोणी लिहून ठेविले? ज्यांनी आमच्याकडून इतके घेतले, त्यांच्यासाठी आम्ही तीन ग्रॅम तांब्याची काळजी का वाहावी?

या आक्षेपातील वेदना खरी आहे, आणि तिची वासलात एखाद्या सुभाषिताने लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. धरणग्रस्तांचे देणे ज्यांनी चुकविले नसेल त्यांच्याकडून ते मागितलेच पाहिजे, आणि उगमाकडील माणसास तो अधिकार आहे. परंतु देणेकऱ्याकडून वसुली करण्याचा मार्ग त्याच्या पाण्यात विष कालविणे हा असू शकत नाही. त्याहूनही महत्त्वाचे हे की, खालच्या अंगास राहणारा म्हणजे केवळ पुण्याचा बंगलेवाला नव्हे. खालच्या अंगास पहिले घर लागते ते शेजाऱ्याचे, पहिली विहीर लागते ती आपल्याच वाडीची. ज्याने आपले घेतले त्याच्यापर्यंत आपले हिरवे पाणी पोहोचते की नाही हे सांगवत नाही. ज्याने आपले काहीच घेतले नाही त्याच्यापर्यंत ते नक्की पोहोचते. राहता राहिला द्राक्षबागाईतदार. त्याचे तांबे वर्षानुवर्षे मातीत साठत जाते, हा त्याच्यापुढील वेगळा व गंभीर प्रश्न आहे. तथापि शेजाऱ्याचे कर्ज मोठे आहे म्हणून सावकार आपले लहान कर्ज माफ करीत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढे सर्व अवघड असेल तर घरी खटाटोप करावाच कशाला? आकृती परगावच्या कारखान्यास धाडावी. चीनमधील शेन्झेनसारख्या शहरांत अशा पाट्या अत्यल्प दरात तयार करून घरपोच पाठविणारे कारखाने आहेत. पाटी सुबक मिळेल, हात डागाळणार नाहीत आणि भोरची मोरीही स्वच्छ राहील.

हा आक्षेप आम्हांस सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो सज्जनपणाचा वेष धारण करून येतो. पाटी कारखान्यात केली म्हणून तांबे विरघळावयाचे थांबत नाही. ते दुसऱ्या कोणत्यातरी नदीच्या काठी विरघळते. चांगल्या कारखान्यात सांडपाण्यातून तांबे परत मिळविण्याची व्यवस्था असते, आणि तेथे ती घरच्यापेक्षा उत्तम असू शकते, हे आम्ही मान्य करितो. ज्यास शेकडो पाट्या हव्यात त्याने कारखान्याकडेच जावे. परंतु विकत घेणाऱ्यास ती व्यवस्था आहे की नाही हे दिसत नाही, आणि बहुधा तो विचारीतही नाही. त्याच्या हाती फक्त सुबक वस्तू येते. तिची जुळी बहीण, ते हिरवे पाणी, त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. आधुनिक संसाराची फार मोठी सोय ही आहे की, त्याने आपल्या प्रत्येक उपभोगाची ही दुसरी बाजू नजरेआड नेऊन ठेविली. ही सोय जितकी वाढते तितका मनुष्य निष्पाप होत नाही. तो केवळ अज्ञ होतो, आणि अज्ञानास निष्पापपणा समजू लागतो.

येथे आम्ही आमच्या मुख्य विधानाशी येऊन पोहोचतो. घरी वस्तू करण्याचे समर्थन सामान्यतः बचत, स्वावलंबन किंवा हौस या शब्दांत केले जाते. बचत तर बहुधा होतच नाही. स्वावलंबनही अर्धवट, कारण पाटी, लेप व नळ्या बाजारातूनच येतात. आणि हौस हे समर्थन नव्हे, ते केवळ कारण आहे. घरी करण्याचे खरे मोल आमच्या मते हे की, वस्तू आणि तिचे उच्छिष्ट ही दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाच्या डोळ्यांपुढे येतात. उत्पादनाचा पुरा हिशेब, जमा आणि खर्च दोन्ही बाजूंनी, ज्यास दिसतो असा माणूस आजच्या जगात विरळा. घरी पाटी करणारा मुलगा त्यांपैकी एक आहे. पण हाच मुलगा जर ते हिरवे पाणी रात्री हळूच मोरीत ओतील, तर ज्या एका गोष्टीमुळे त्याचा उद्योग कारखान्याच्या मालापेक्षा श्रेष्ठ ठरत होता, तीच त्याने आपल्या हाताने पुसून टाकली असे होईल. मग त्याच्या पाटीत व विकतच्या पाटीत अंतर राहील ते इतकेच की, विकतची अधिक सुबक असेल.

या अडचणीतून वाट काढताना आम्हांस आपल्या जुन्या गृहस्थधर्मातील एक कल्पना फार उपयुक्त वाटते. स्मृतिकारांचे अनेक विचार आज कोणाही न्यायप्रिय माणसास मान्य होणार नाहीत. परंतु पंचसूनेचा त्यांचा विचार सूक्ष्म आहे. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने होत, असे त्यांनी म्हटले. कारण रोजचा संसार करिताना या पाच ठिकाणी नकळत लहान जीव मरतात. या दोषाच्या निरसनार्थ गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावे, अशी त्यांची योजना. या विचारात दोन टोके टाळलेली आहेत. "जीव मरतात, सबब चूल बंद करा," असे ते म्हणत नाहीत. आणि "जीव अगदी लहान आहेत, सबब विसरून जा," असेही म्हणत नाहीत. चूल पेटविण्याचा अधिकार गृहस्थास आहे. पण त्या अधिकारास एक रोजचे देणे जोडलेले आहे, व ते देणे चुकविणे हा चूल पेटविण्याचाच भाग आहे. घरात आता सहावी सूना आली आहे, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. प्लास्टिकचे ते लहानसे भांडे, ज्यात तांबे विरघळते, ते केरसुणीच्या शेजारी ठेविण्यास योग्य आहे. मात्र त्याचा यज्ञ कोणता हे ठरविले पाहिजे.

सुदैवाने हा यज्ञ कठीण नाही. पहिली गोष्ट, द्रावण एका पाटीनंतर फेकून देण्याचे कारण नसते; झाकण लावून ठेविल्यास तेच पुष्कळ पाट्यांस पुरते. दुसरी, ते थकले म्हणजे मोकळ्या हवेत त्यात लोखंडाचा कीस किंवा जुने खिळे टाकून ठेवावे. लोखंड स्वतः विरघळते आणि त्याच्या बदल्यात तांबे तांबूस गाळाच्या रूपाने पुन्हा दृश्य होते. जे नाहीसे झाले होते ते डोळ्यांपुढे परत येताना पाहणे, हा आमच्या मते विद्यार्थ्यास मिळणारा सर्वांत मोलाचा पाठ आहे. नंतर धुण्याचा सोडा थोडा थोडा घालीत जावे. फेस येतो, म्हणून भांडे मोठे असावे. द्रावण किंचित अल्कधर्मी झाले की उरलेले धातू गाळ होऊन तळाशी बसतात. तो गाळ वाळवून बरणीत साठवावा. वरचे पाणीही तपासल्यावाचून सोडू नये. लेप धुतलेले कॉस्टिक सोड्याचे पाणीही याच हिशेबात धरावे. हे करिताना हातमोजे व चष्मा हवेत, हे सांगणे नलगे. मात्र साठलेल्या बरण्यांचे पुढे काय, हा प्रश्न एकट्या मुलाने सोडविण्यासारखा नाही. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी अशा बरण्या एकत्र घेऊन, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या परवानाधारक संस्थेकडे त्या वर्षातून एकदा पाठवाव्या, अशी आमची सूचना आहे. वैयक्तिक नीतीस जेथे हात टेकावे लागतात तेथे समाजाने ओंजळ पुढे केली पाहिजे.

शिक्षणाच्या दृष्टीने या जिल्ह्यात एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, हे त्यांच्या प्रयत्नाचे सूत्र होते, व 2002 साली तेथे आधुनिक यंत्रांची फॅब लॅब आली. तेथून अनेक ग्रामीण शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. आम्हांस त्यातील सूचक गोष्ट ही वाटते की, कार्यशाळा आणि परिसर हे दोन विषय एकाच विद्यार्थ्याच्या एकाच वेळापत्रकात आले. आमच्या महाविद्यालयांत मात्र पाटी कशी करावी हे इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक सांगतो, पाणी कसे बिघडते हे रसायनाचा शिक्षक सांगतो, आणि कर्तव्य म्हणजे काय हे तत्त्वज्ञानाचा शिक्षक सांगतो. तिघांची दालने वेगळी, तास वेगळे, परीक्षाही वेगळ्या. मग विद्यार्थ्याने या तीन गोष्टींची गाठ आपल्या घरच्या मोरीपाशी घालावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर धरितो?

तेव्हा ज्या घरातील मुलास किंवा मुलीस ही हौस लागली असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी ती मोडू नये, असेच आमचे सांगणे आहे. डाग पडलेल्या टेबलाबद्दल रागावण्यापेक्षा त्यांनी पाटी हातात घेऊन तिच्यावरील वाटा निरखून पाहाव्या, मनापासून शाबासकी द्यावी, आणि मग अगदी सहज एक प्रश्न विचारावा: "बाकीचे तांबे कोठे आहे?" ज्यास या प्रश्नाचे उत्तर बरणीकडे बोट दाखवून देता येईल, त्याचे काम पुरे झाले असे समजण्यास हरकत नाही. प्रकाशाने काय राखावयाचे ते ठरविले. जे राखले नाही त्याचे काय करावयाचे, हे ठरविणे माणसाकडेच राहते.